सातबारे जोडताना डिजिटल स्वाक्षरी टिकते का?

प्रश्न : डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे क्यूपीडीएफ या कमांड-लाइन साधनाने एका फाइलमध्ये जोडले, तर चालतील का? – एक वाचक, कासू (ता. पेण)

उत्तर : वाचण्यापुरते, छापण्यापुरते जरूर जोडा, मूळ फाइल मात्र जपा. डिजिटल स्वाक्षरी शिक्क्यासारखी पानावर उमटलेली नसते, ती फाइलमधल्या बाइटांच्या ठरावीक क्रमावर केलेली असते. क्यूपीडीएफ पानांवरचा मजकूर, चित्रे जशीच्या तशी ठेवते, पण ती उचलून नवी फाइल रचते. त्यामुळे जुनी स्वाक्षरी वैध राहत नाही. पान तर तेच दिसते, मग बिघडले काय, असे कुणी म्हणेल. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हेही खरे. पण फाइल स्वतःच्या बळावर अस्सल ठरण्याची सोय जाते, आणि जोडलेल्या फाइलमधून ती परत मिळवता येत नाही. मग ऑनलाइन फुकट जोडणी सोपी नाही का? स्वाक्षरी तिथेही टिकत नाही, शिवाय खातेदारांची नावे, गट क्रमांक आणि बोजाच्या नोंदी परक्या सर्व्हरवर जातात. क्यूपीडीएफ इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालते. साधन तुम्ही योग्यच निवडले आहे. जोडलेल्या फाइलला वेगळे नाव द्या आणि अर्जासोबत मूळ फाइल सुट्याच पाठवा.