सांधे दुखतात, मग व्यायाम कसा करू?

प्रश्न : मला रुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी बोटं आखडतात. व्यायामाने सांधे झिजतील, असं घरचे म्हणतात. खरं का?

उत्तर : ही भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती, रुग्णाला झोपवूनच ठेवत. नेदरलँड्समधल्या २००३च्या चाचणीत रुग्णांनी दोन वर्षं आठवड्यातून दोनदा चांगला दमवणारा व्यायाम केला. हालचाल सुधारली, आजार बळावला नाही. मात्र गुडघा-खांदा आधीच बराच खराब असेल, तर जपून. बोटांसाठी ब्रिटनमधली ४९० रुग्णांची ‘सारा’ चाचणी महत्त्वाची : औषधांच्या जोडीला हाताचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षानंतरही जास्त चांगले चालत होते. सांधा गरम, सुजलेला असेल त्या दिवशी वजन उचलू नका. हलकी हालचाल पुरे. आणि व्यायाम जमू लागला म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, हे घरच्यांनाही सांगा.