खडकांच्या वाटेने रत्नागिरीच्या किनाऱ्यावर

कोल्हापूरच्या मुलास काळा दगड नवा नाही. घरातील पाटा-वरवंटा, अंबाबाईच्या देवळाच्या भिंती, रस्त्यावर पसरलेली खडी, सर्वत्र तोच. परंतु हा दगड एके काळी तप्त रस होऊन वाहत होता असे सांगितले, की ते मूल क्षणभर शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत राहते. मग 'अग्निजन्य खडक' हा शब्द वहीत उतरवून घेते व विसरते.

जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी सातवीच्या बारा मुलामुलींस घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीपर्यंत एक लहानशी अभ्यास-सहल काढली. अंतर सुमारे १३० किलोमीटर. मोठी गाडी भरून मुले नेली म्हणजे ती मोजण्यातच दिवस जातो, म्हणून संख्या मुद्दाम थोडी ठेवली. पालकांची लेखी संमती घेतली आणि रत्नागिरीस एक वाटाड्या आधीच ठरविला. हा वाटाड्या व्यवसायाने मच्छीमार होता. शिक्षकांच्या या निवडीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. तेथे गाडी थांबवून शिक्षकांनी काहीही न सांगता मुलांस केवळ पाहावयास लावले. थरावर थर आहेत, हे एका मुलीने प्रथम ओळखले. दुसऱ्याने विचारले, "गुरुजी, मग ज्वालामुखी कोठे होता? जोतिबाच्या डोंगरात?"

हा प्रश्न बहुतेक वर्गांत येतो, कारण पुस्तकातील चित्रांत ज्वालामुखी म्हणजे व्हेसूव्हियससारखा शंकूच्या आकाराचा पर्वत. दख्खनचा लाव्हा मुख्यत्वे अशा एका शिखरातून आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून रस पुनःपुन्हा बाहेर आला आणि सपाट पसरत थिजला. आजही हे खडक सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर आहेत. जोतिबाचा डोंगर हे ज्वालामुखीचे तोंड नसून, भोवतालचे थर झिजून गेल्यावर उरलेला भाग होय. शिक्षकांनी मळलेल्या कणकेवर सुरी ओढून भेग दाखविली आणि वरून काकवी सोडून ती कशी पसरते ते दाखविले. काकवी मुलांनी नंतर खाल्ली, हे वेगळे सांगावयास नको.

काही थरांच्या मधोमध तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत दगडाची माती होण्याइतका काळ लोटला होता, याची ती खूण. दगडातील पांढऱ्या गाठी म्हणजे रसातील वायूंच्या पोकळ्यांत मागाहून साठलेली खनिजे. मुलांनी त्या फोडू नयेत, खाली पडलेला तुकडा पाहावा, अशी सूचना आरंभीच देणे बरे.

साखरप्याच्या पुढे रत्नागिरीकडे जाताना काळ्या दगडाच्या जागी तांबूस, भोकाभोकांचा जांभा दिसू लागतो. हा निराळ्याच गोष्टीतून आला असावा असे मुलांस वाटले. वस्तुतः येथील जांभा हे बहुतांशी त्याच काळ्या दगडाचे रूपांतर आहे. उष्ण व अतिपावसाच्या हवेत दगडातील सिलिका धुपून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. ओला जांभा मऊ असल्याने त्याचे चिरे कापता येतात. हवा लागली की ते कठीण होतात. याच जांभ्याच्या उघड्या सड्यांवर प्राचीन मानवाने कातळशिल्पे कोरली. उक्षी येथील हत्तीची आकृती मुलांनी कठड्याबाहेरूनच पाहिली.

दुपारी ओहोटीच्या वेळी मंडळी किनाऱ्यावरील खडकावर उतरली. वर जांभा, त्याखाली मऊ माती, तळाशी काळा पाषाण, आणि लाटांनी मऊ थर पोखरल्यामुळे वरून कोसळलेले जांभ्याचे मोठाले चिरे. शिक्षक समजावून सांगण्यात रंगून गेले. चित्रे काढण्यास मुलांना आणखी अर्धा तास हवा होता. तोच वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, पुरे. आता वर चला."

समुद्र तर दूर दिसत होता. शिक्षकांनी थोडा वेळ मागितला. वाटाड्याने मान हलविली व ज्या घळीतून मंडळी आली होती तिच्याकडे बोट दाखविले. तेथे पाणी शिरू लागले होते. मुलांस हात धरून त्याने एकेक करून वर घेतले. शेवटच्या दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. भरती समोरूनच येते असे नाही. सखल घळीतून ती मागच्या बाजूने शिरते, आणि परतीची वाट आधी बुडते. मच्छीमार हे तिथीवरून जाणतात: अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे जाते. खडकाचे ज्ञान शिक्षकांजवळ होते, पाण्याचे वाटाड्याजवळ. त्या दिवशी पाण्याचे ज्ञान अधिक निकडीचे होते. किनाऱ्यावर केव्हा उतरावे व केव्हा निघावे, हे शिक्षकाने नव्हे, स्थानिक माणसाने ठरवावे.

सायंकाळी मांडवीच्या काळ्या वाळूत शिक्षकांनी कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरविला. काळे कण कागदास चिकटले. लाव्हा झिजून सुटलेली ही लोहयुक्त खनिजे होत. त्यांच्याबरोबर टायटॅनियमयुक्त इल्मेनाइटही या वाळूत असते. परतल्यावर एका मुलाने तोच लोहचुंबक पंचगंगेच्या वाळूत फिरविला आणि चिकटलेले कण पुडीत बांधून दुसऱ्या दिवशी वर्गात आणले.