युनिक्सच्या आज्ञा आणि पाठसंशोधक

युनिक्स या संगणकप्रणालीचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. तिच्याशी व्यवहार होतो तो टंकलिखित आज्ञांनी. एकेक आज्ञा एकेकच काम करते. १९७३ मध्ये आलेल्या 'पाइप'मुळे, म्हणजे एका उभ्या रेघेने, एकीचे फलित दुसरीच्या हाती जाते. ओळीला एक शब्द अशी मांडलेली संहिता 'सॉर्ट'ने लावून 'युनिक'कडे सोपविली की शब्दसूची सिद्ध होते. क्रम उलटून चालत नाही. 'युनिक'ला केवळ लगतच्या ओळींतील पुनरुक्ती दिसते.

ही प्रणाली मितभाषी आहे, आणि निष्ठुरही. 'सॉर्ट'चे फलित कोनचिन्हाने मूळ फाइलीतच वळविले, तर 'शेल' हा मध्यस्थ आधी ती फाइल रिकामी करतो आणि मग 'सॉर्ट'ला पाचारण करतो. वर्षानुवर्षे जमविलेला पाठभेदसंग्रह अशा एका ओळीने, एकही प्रश्न न विचारला जाता, नाहीसा होतो. म्हणून 'सीपी'ने आधी प्रत करावी. हस्तलिखितांच्या अभ्यासकास हे निराळे सांगावयास नको.

मोजणीतही सावधपणा हवा. 'मराठी' ही तीन अक्षरे. ओळसमाप्तीचे चिन्ह वगळता 'डब्ल्यूसी' ही आज्ञा यूटीएफ-८ संकेतनात त्यांचे बाइट १५ सांगते आणि वर्ण ५, कारण काना व वेलांटी तेथे स्वतंत्र गणल्या जातात. छंदाच्या अभ्यासकास हवी असलेली संख्या या दोहोंपैकी एकही नव्हे.