अभंगाचा चौथा चरण



देवळात किंवा घरी भजनात तुम्ही अभंग ऐकले असतील. १७व्या शतकातील संत तुकारामांचे अभंग आपण आजही गातो. अभंग हा भक्तिगीतांचा छंद आहे. पण त्यात इतर भावही मांडता येतात. या पाठासाठी रचलेल्या ओळी मोठ्याने वाचा :

दूर बेटावर
ऐकतो मी लाट
तिची पायवाट
गावाकडे

रचना : येथे चार चरण आहेत. चार चरणांचा मिळून एक चौक होतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक आहे : लाट – वाट.

छंद : आता अक्षरे मोजा. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार, अशी एकूण बावीस अक्षरे होतात. हा मोठा अभंग. यात लघु-गुरू पाहत नाहीत. फक्त अक्षरे मोजतात. जोडाक्षर एकच धरतात. म्हणून ‘विठ्ठल’ या शब्दात तीन अक्षरे आहेत.

भाव : १९व्या शतकात आपले पूर्वज कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत काम करायला आले. त्यांच्यापैकी एक जण किनाऱ्यावर उभा आहे, अशी कल्पना करा. लाटेची वाट गावाकडे जाते, असे त्याला वाटते. तो मात्र बेटावरच आहे. ‘मला गावाची आठवण येते’ असे तो कोठेही म्हणत नाही. तरी आपल्याला ती ओढ जाणवते. कशामुळे?

चौथा चरण ‘गावाकडे जाते’ असा करून पुन्हा वाचा. अक्षरे सहा झाली, वाक्यही पूर्ण झाले. पण ओढ कमी झाली. मूळ चरण दोन अक्षरे आधीच थांबतो. बोलता बोलता माणसाचा गळा दाटून यावा, तसे वाटते. ती रिकामी जागा वाचणाऱ्याचे मन भरून काढते.

म्हणून कविता वाचताना केवळ अक्षरे मोजून थांबू नका. कवी कोठे थांबला आणि का थांबला, हेही पाहा.

शब्दार्थ
चरण – कवितेच्या ओळीचा भाग
ओढ – मनाला लागलेली आस

स्वाध्याय
१. मोठ्या अभंगात कोणत्या चरणांत यमक असते?
२. अक्षरे मोजा : समुद्र, पूर्वज, आठवण.
३. वरील चौकासाठी चार अक्षरांचा नवा चौथा चरण रचा. त्यामुळे भाव कसा बदलला, ते दोन वाक्यांत लिहा.
४. आजी-आजोबांकडून एक अभंग ऐका व त्याचे चरण ओळखा.