दलाली किती आणि कधी द्यायची?

प्रश्न : पुण्यातला जुना फ्लॅट विकतोय. एजंट माझ्याकडून दोन टक्के मागतो, घेणाऱ्याकडूनही घेणार म्हणतो. हे रीतसर आहे का?

उत्तर : हो. पुनर्विक्रीत दोन्हीकडून साधारण एक ते दोन टक्के दलाली घेण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. मात्र हा दर कायद्याने ठरलेला नाही, तेव्हा घासाघीस जरूर करा. ८० लाखांच्या घरावर अर्धा टक्का कमी झाला तरी ४०,००० रुपये वाचतात. एजंट जीएसटीत नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के कर लागतो. तो धरून की वेगळा, हे टोकन घेण्याआधीच लेखी ठरवा. माझा आग्रह एवढाच, की पूर्ण दलाली दस्तनोंदणी झाल्यावरच द्या. पावती जपून ठेवा. भांडवली नफा काढताना ही रक्कम वजा करता येते.