धुकं शिकून नोकरी लागते का?

मुंबईजवळच्या अरबी समुद्रावर खरं समुद्री धुकं क्वचितच पडतं. ‘मला समुद्रावरच्या धुक्याचा अभ्यास करायचाय’ म्हणणाऱ्या बारावीतल्या मुलीला हे आधीच सांगितलेलं बरं. शेजारी बसलेल्या आईचा जीव त्याने भांड्यात पडतो, पण फार वेळ पडू देऊ नये, कारण विषय इथे संपत नाही.

जानेवारीतल्या सकाळी भाईंदरच्या खाडीवर आणि मिठागरांवर जो पांढरा थर दिसतो तो बहुतेक जमिनीच्या गारठ्याने धरलेला असतो आणि त्यात धूर-धूळही भरपूर असते. समुद्री धुक्याची रीत वेगळी. उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून गेली की तळाशी गार होते आणि हवेतल्या मिठाच्या कणांभोवती थेंब धरू लागतात. आपलं पाणी ऐन थंडीतही २४-२५ अंशांच्या आसपास. त्याला थंड कोण म्हणेल?

थंड पाणी आहे ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी हिमनगांवर नजर ठेवायला ‘स्कोशिया’ नावाचं जहाज तिकडे पाठवलं. त्यावर हवामानशास्त्रज्ञ म्हणून जी. आय. टेलर गेला. वय सत्तावीस, शिक्षण गणित आणि भौतिकीचं. त्याने जहाजावरून पतंग उडवले. पतंगाला तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं बांधलेली. पाण्याला टेकलेली हवा गार होते आणि तो गारवा हवेतले भोवरे वर वाहून नेतात, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. भोवऱ्यांवरचा निबंध १९१५ चा, धुक्यावरचा १९१७ चा. आज हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रतिमानांत हवा ढवळली जाण्याचा जो हिशेब असतो त्याची मुळं तिथे जातात. शंभर वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच भागात ‘सी-फॉग’ ही मोहीम झाली आणि तिचं नेतृत्व श्रीलंकेत जन्मलेल्या हरिंद्र फर्नांडो यांच्याकडे होतं. कोडं अजून सुटलेलं नाही म्हणूनच तिथे माणसं लागतात.

थोडक्यात, धुकं हे निमित्त. खरा विषय आहे समुद्राला लागून असलेला हवेचा थर, आणि तो मीरा-भाईंदरच्या डोक्यावर बारा महिने असतो. पावसाला ओल पुरवतो तोही हाच थर. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला ७३. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. तेव्हाच्या प्रतिमानांना एवढा पाऊस आधी दिसला नव्हता. आता कुलाब्याच्या जोडीला जोगेश्वरीच्या वेरावलीतही डॉपलर रडार आहे. पण ढग समुद्रावर नेमका कुठे उभा राहणार हे सांगणं अजून अवघडच. उत्तनला वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला दमट हवेचा अंदाज दोन दिवस आधी मिळाला तर तिचा माल वाचतो. या विषयाचं गिऱ्हाईक इतकं जवळ आहे.

‘आपल्यातलं कोणी गेलंय का या वाटेने?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. गेलंय. पुण्याच्या डॉ. सुलोचना गाडगीळ (१९४४-२०२५) फर्ग्युसनमध्ये शिकल्या, पुणे विद्यापीठातून उपयोजित गणितात एम.एस्सी. झाल्या आणि हार्वर्डला पीएच.डी. केली ती गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या वळणांवर. न्यूफाउंडलंडच्या धुक्याला उबदार हवा मिळते ती याच प्रवाहाकडून. १९७१ मध्ये परत आल्यावर त्यांनी मात्र आपला मॉन्सून धरला. १९८४ साली पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडलं की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की मोठे पावसाळी ढग उभे राहण्याचा संभव एकदम वाढतो. इंजिनिअरिंगची पदवी यात कुठेही नाही, हे जेईईच्या क्लासची फी भरून बसलेल्यांनी जरूर पाहावं.

वाट साधी आहे. बारावीला भौतिकी आणि गणित, मग जवळच्या कॉलेजात भौतिकी किंवा गणितात बी.एस्सी. पुढे एम.एस्सी. किंवा एम.टेक.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोचीचं कुसाट विद्यापीठ, बंगळूरची आयआयएस्सी, दिल्ली आणि भुवनेश्वरची आयआयटी, अशी ठिकाणं आहेत. कुठे कोणता अभ्यासक्रम आणि कोणती प्रवेश परीक्षा, ते त्या त्या वर्षी पाहावं. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था (आयआयटीएम) आहे, १९६२ पासूनची. दिल्ली विमानतळावर २०१५ च्या हिवाळ्यात सुरू झालेला धुक्याचा प्रयोग तिचाच, डॉ. सचिन घुडे यांच्या नेतृत्वाखालचा. धुकं जमिनीवरचं, पण थेंबांचं शास्त्र तेच. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादला मच्छीमारांना मासळीच्या जागांचा अंदाज देणारी इन्कॉइस. पायथन लवकर शिकावं. फोर्ट्रानला नाक मुरडू नये. आजोबांच्या काळातली ही संगणकभाषा हवामानाच्या प्रतिमानांत अजून ठणठणीत आहे.

आता पैशाचं. नेट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएच.डी.ला लागलेल्या संशोधकाला महिना ३७,००० रुपये छात्रवृत्ती मिळते, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. श्रीमंती नव्हे, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पीएच.डी. नको असेल तर भारतीय हवामान विभागात वैज्ञानिक साहाय्यकाची जागा असते. २०२२ मध्ये केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाने (एसएससी) अशा ९९० जागा भरायला काढल्या होत्या, मूळ वेतन ३५,४०० पासून. अशी भरती दरवर्षी निघत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर बसू नये. हवाई दल आणि नौदलाला हवामानाचे अधिकारी लागतात. विमा, पवनऊर्जा, जहाजवाहतूक इथेही मागणी आहे, पण तिथे विचारतात ते आकडेवारी हाताळता येते का, एवढंच.

हे क्षेत्र प्रत्येकासाठी नाही. ढग बघायला आवडतात, एवढ्यावर इथे भागत नाही. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला पालकांनी ‘निसर्गाची आवड आहे’ म्हणून इकडे ढकललं, तर तो पहिल्याच सत्रात अडकेल. पहिली स्थिर नोकरी तिशीच्या आसपास लागेल, हेही घरात आधी बोलून घ्यावं. मुलीच्या बाबतीत हा हिशेब लग्नाच्या वयाशी घालणारी घरं आहेत. त्यांना माझं उत्तर एवढंच की ती सोय विद्यापीठं पाहत नाहीत.

खरी आवड तपासायला क्लास नको, एक वही पुरे. हवामान विभाग कुलाबा आणि सांताक्रूझचं कमाल-किमान तापमान, आर्द्रता आणि पाऊस रोज जाहीर करतो. मुलाला जून-जुलैत ते रोज लिहून ठेवू द्या आणि दोन आकड्यांत फरक पडला की त्याचं कारण शेजारी लिहू द्या. कारणं चुकतील, चुकू द्या. तिसऱ्या आठवड्यात तो वाऱ्याची दिशाही लिहायला लागला, तर पुण्याच्या अभ्यासक्रमांची चौकशी सुरू करायला हरकत नाही. पालकांनी ती वही तपासायला मागू नये.