संत्र्याच्या लिक्युअरला कोकमाचं आगळ

प्रश्न : पाहुण्यांनी बेल्जियमहून मँडरिन संत्र्याच्या लिक्युअरची बाटली आणली आहे. नुसतं प्यायला फार गोड लागतं. त्यातून आपलं म्हणता येईल असं एखादं कॉकटेल घरी करता येईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नक्की करता येईल. मँडरिन हे नाव परकं वाटलं तरी फळ घरचंच आहे. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच, आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लालबाग-परळातल्या जुन्या माणसांना ‘संत्रा’ म्हटलं की त्या स्वादाची देशी आठवते. तुमच्या बाटलीची जात वेगळी. तिचा जीव रसात नसून सालीत असतो. लहानपणी संत्र्याची साल दाबून एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो, ते झोंबणारे थेंब म्हणजे सालीतलं तेल. लिक्युअरला वास येतो तो त्याचाच.

त्यात साखर आधीच भरपूर असते, म्हणून जोडीला आंबट हवं. लिंबू सगळेच पिळतात. मी सांगेन कोकमाचं आगळ. सरबताचा पाक घेऊ नका, तो गोडावर गोड होतो. सोलकढीला वापरतो ते बिनसाखरेचं आगळ घ्या. लालबाग-दादरच्या बाजारात कोकणी मेव्याच्या दुकानात मिळेल. त्यात मीठ असतं आणि इथे तेच कामाला येतं, चिमूटभर खारटपणानं गोडाचा चिकटपणा मोडतो.

४५ मिली लिक्युअर, एक चहाचा चमचा आगळ आणि बर्फ घट्ट झाकणाच्या बरणीत दहा-बारा सेकंद जोरात हलवा. उंच पेल्यात गाळून वर १०० मिली थंड सोडा ओता. चव घ्या, आंबट कमी वाटलं तरच आणखी अर्धा चमचा आगळ. मग ताज्या संत्र्याच्या सालीचा तुकडा पेल्यावर धरून नारिंगी बाजू खाली ठेवून दुमडा. तेलाचा बारीक फवारा वर बसतो आणि ओठ लागायच्या आधीच वास येतो. ही पायरी टाळू नका.

दुसरा धागा गिरगाव-दादरच्या पियुषातला, जायफळाचा. लिक्युअर ३० मिली, पांढरी रम ३० मिली, लिंबाचा रस २० मिली, आणि वर जायफळ अगदी दोनदाच किसणीवरून फिरवायचं. जायफळाची ऊब संत्र्याला शोभते. काजू फेणी मात्र मी यात घालणार नाही. तिच्या उग्र वासापुढे संत्रं उरत नाही.

लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कँटीन’नं देशी जिन्नसांच्या कॉकटेलना मानाची जागा दिली. घरीही तोच रस्ता धरा. एका वेळी एकच जिन्नस बदला आणि दुसरा पेला भरण्याआधी पहिल्याचं माप वहीत लिहून ठेवा. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, तो आधी काढून घ्या.